वळणावरचा हॉर्न

सातारा
१२ डिसेंबर २०२४

श्रीमती विजयमाला धन्यकुमार मगदूम यांस,

सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. माझं नाव चिंतामण कानडे. १९ नोव्हेंबरला सकाळी तुमच्या मळ्याजवळच्या वळणावर श्री. मगदूम ज्या गाडीखाली गेले, ती इंटरसिटी मी चालवत होतो.

असं पत्र लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. चौकशी होते, जबाब होतात, चार दिवस रजा मिळते आणि माणूस पुन्हा ड्युटीवर जातो. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत असं पूर्वी दोनदा झालं, पण मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. या वेळी पत्ता पोलीसपाटलांकडून मागून घेतला. त्यांना दोष देऊ नका, मीच फार आग्रह केला.

एवढंच सांगायचं होतं की ते तिथं एकटे पडून नव्हते. गाडी थांबल्यावर मी स्वतः उतरून मागे चालत गेलो. माझ्या पिशवीतला पंचा त्यांच्या अंगावर घातला. गावातली माणसं येईपर्यंत त्यांच्याजवळ बसलो. जीव लगेच गेला होता. त्यांना त्रास झाला नसावा असं मला वाटतं.

तुमच्या दुःखात मी काय बोलणार. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आपला,
चिंतामण कानडे


विश्रामबाग, सांगली
२६ डिसेंबर २०२४

श्री. कानडे यांस,

नमस्कार. तुमचं पत्र मळ्यावर पोचलं. आईनं ते हातात घेतलं आणि परत माझ्या हातात दिलं. मी त्यांची मुलगी, ब्राह्मी. इथं विश्रामबागला असते, मुलींच्या शाळेत शिकवते.

तो पंचा तुमचा होता तर. पोलिसांनी आण्णांच्या वस्तू परत दिल्या त्यात निघाला. कुणाचा ते कळेना म्हणून आईनं धुऊन वेगळा ठेवलाय. बसून राहिलात, बरं केलंत. खरंच बरं केलंत.

तुम्ही लिहिलं नसतंत तर मी कुणाला विचारलं नसतं, पण आता विचारते. गावात लोक वेगळं बोलतात. तोंडावर नाही बोलत, पण आम्ही गेलो की बोलणं थांबतं. आमचं घर रुळांच्या एका अंगाला आणि विहीर, गोठा दुसऱ्या अंगाला. आण्णा चाळीस वर्षं दिवसातून चार-पाच वेळा तिथून ये-जा करायचे. रुळांच्या कडेनं पाऊलवाट आहे, मग पुढे ओलांडायचं. अलीकडे कानानं मंद झाले होते. पण गाडी त्यांना कानानं कळायचीच नाही, पायानं कळायची. म्हणायचे, "डिझेल आली की खडी सांगतीया." माझ्या लहानपणी मला खडीवर उभं करून दाखवायचे. आणि खरंच, तळव्याला मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि मग बऱ्याच वेळानं उसाच्या पलीकडे धूर दिसायचा.

असा माणूस गाडीखाली जाईल कसा, असं लोक म्हणतात. मीही म्हणते.

म्हणून दोनच गोष्टी सांगा. तुम्ही हॉर्न दिला होतात का? आणि आण्णांनी मागे वळून पाहिलं का?

त्या दिवशी सकाळी घरात थोडं बोलणं झालं होतं, म्हणून विचारते. खरं असेल ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

ब्राह्मी शेटे


सातारा
९ जानेवारी २०२५

सौ. ब्राह्मीताई यांस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, ड्युट्या लागोपाठ होत्या.

आपण विचारलेल्या गोष्टींबाबत: वळण संपताच व्यक्ती रुळालगत चालताना दिसली. मी नियमाप्रमाणे लांबूनच हॉर्न दिला. थांबून थांबून चार वेळा दिला. आपत्कालीन ब्रेक लावला. व्यक्तीनं मागे वळून पाहिलं नाही. लेखी जबाबातही मी हेच दिलं आहे आणि माझे सहायक श्री. वीरधवल यांची त्यावर सही आहे.

सकाळच्या इंटरसिटीला पूर्वी डिझेल इंजिन होतं. ती इंजिनं जुनी झाली होती, वाटेत बंद पडायची. विजेचं इंजिन लागून तो सहावा दिवस होता. इंजिनात काही बिघाड नव्हता, ब्रेकही नीट लागले. पण एवढ्या वेगात गाडी लगेच थांबत नाही.

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. पंचा परत पाठवायची तसदी घेऊ नये.

आपला,
चिंतामण कानडे


विश्रामबाग, सांगली
२० जानेवारी २०२५

श्री. कानडे,

मिळालं उत्तर.

चार वेळा. म्हणजे त्यांनी ऐकलं. आण्णांना घरात मारलेली हाक ऐकू यायची नाही, पण रेल्वेचा हॉर्न यायचा. स्टेशनातून गाडी सुटताना हॉर्न वाजला की ओसरीवर बसल्या बसल्या म्हणायचे, "सुटली." स्टेशन आमच्यापासून दोन मैलांवर आहे.

तुम्ही परके आहात म्हणून सांगता येतं. आण्णांच्या दोन म्हशी होत्या. त्यांचे स्वतःचे गुडघे गेले होते, धार काढून उठताना भिंत धरावी लागायची. माझा भाऊ, अतिशय त्याचं नाव, कुपवाडला कारखान्यात जातो, त्याला गोठ्याचं काही होत नाही. आई-आण्णा दोघांनाही सांगलीला घेऊन यायचं माझ्या मनात होतं. आण्णा म्हशींसाठी अडून बसले होते. म्हणून मी एक दिवस ते पाहुण्यांकडे गेलेले असताना व्यापाऱ्याला बोलावून म्हशी विकून टाकल्या.

आण्णा परत आले, गोठ्यात गेले, बाहेर आले आणि चार दिवस एक शब्द बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी मी मळ्यावर होते. ते पाण्याची बादली घेऊन निघाले. मी म्हटलं, "आता कुणाला पाणी पाजायला निघालाय? आहे कोण तिथं? जरा स्वस्थ बसायला काय होतं तुम्हाला? आता तुमच्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

मला म्हणायचं होतं, आता आराम करा. पण तोंडातून निघालं ते असं. ते बादली ठेवून तसेच निघून गेले. पाऊण तासानं गाव धावत आलं.

तुमच्या पत्रानं निदान शंका उरली नाही. खरं सांगितल्याबद्दल आभार.

ब्राह्मी


सातारा
१४ फेब्रुवारी २०२५

सौ. ब्राह्मीताई,

तुमचं पत्र वाचून मी फार अस्वस्थ झालो. तुम्ही असा अर्थ काढू नका. माणूस विचारात असला की हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही, असं होतं. त्या दिवशी वारा उलट्या बाजूचा होता. उसाचे फड दोन्ही अंगांना उंच होते. विजेच्या इंजिनाचा आवाज डिझेलसारखा नसतो, खडीही तशी थरथरत नाही. त्यांना गाडी उशिरा कळली असेल. कान मंद होते असं तुम्हीच लिहिलं आहे.

मुलं बापाला रागानं काहीबाही बोलतात. त्यानं कुणी जीव देत नाही. मलाही मुलगा आहे. अनीश पुण्याला असतो, मला "तुम्हाला काय कळतंय" असं आठवड्यातून एकदा तरी म्हणतो.

मनाला लावून घेऊ नका.

चिंतामण कानडे


विश्रामबाग, सांगली
३ एप्रिल २०२५

श्री. कानडे,

मला आलेली तुमची दोन्ही पत्रं आता घरात सगळ्यांनी वाचली आहेत. मी लपवून ठेवली होती, अतिशयला सापडली. तेव्हा म्हशींवरून मी त्या सकाळी आण्णांना काय बोलले ते सगळं बाहेर आलं. तो माझ्याशी बोलत नाही. पाडव्याला मी गेले तर उठून शेजारी गेला.

आईला त्यानं तुमचं जानेवारीतलं पत्र वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवसापासून ती बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जायची बंद झाली. लग्न झाल्यापासून ती देवदर्शन केल्याशिवाय पाणी पीत नव्हती. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "कुठल्या तोंडानं जाऊ? आत्मघातावानी पाप न्हाई. तेंची गती काय झाली आसंल, सांग की तू. शिकलीयास न्हवं?"

आता ती एक वेळ जेवते. मीठ सोडलंय. त्यांच्या वाट्याचं पाप थोडं तरी फिटावं म्हणून, असं म्हणते.

आणि रोज सकाळी तुमच्या गाडीच्या वेळेला बांधावर जाऊन बसते. मी एका रविवारी तिच्याबरोबर गेले. रुळांपासून लांब, लिंबाच्या बुडाशी बसली होती. गाडी वळणावर आली आणि हॉर्न झाला, लांबलचक. मी दचकले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ. मी म्हातारी हितनं ऐकतीया. मग तेंनी न्हाई व्हय ऐकला? ऐकला. ऐकून तसंच चालत ऱ्हायलं." ती रोज हेच ऐकायला जाते.

तुम्ही वाऱ्याचं आणि उसाचं लिहिलंत ते तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "चार डाव वाजल्यावर वाऱ्याचं काय घिऊन बसलाय त्यो मानूस."

अतिशयनं मळा विकायला काढलाय. आईला तिथून हलवायचं तर दुसरा मार्ग नाही असं त्याचं म्हणणं आहे. माझं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

कृपा करून यापुढे समजुतीची पत्रं पाठवू नका. तुम्ही तुमचं काम केलंत. बाकी आमचं आम्ही बघू.

ब्राह्मी


सातारा
२२ जून २०२५

ब्राह्मीताई,

तुम्ही लिहू नका म्हटलं होतं. हे पत्र समजुतीचं नाही. पूर्ण वाचा, नंतर काय करायचं ते करा.

मी हॉर्न दिला नव्हता.

चार वेळा नाही आणि एकदाही नाही. वडिलांनी काहीच ऐकलं नाही, कारण ऐकायला काही नव्हतं. जसं झालं तसं सांगतो.

तुमच्या वळणावर शिट्टीची पाटी नव्हती. तिथं हॉर्न द्यायची सक्ती नव्हती आणि एकतीस वर्षांत मी तिथं कधी दिलाही नव्हता. गरजच पडायची नाही. तिथं चढ आहे. डिझेल इंजिन चढाला लागलं की त्याचा आवाज उसावरून दीड-दोन मैल पुढे जायचा. माणसं, गुरं, कुत्री आधीच बाजूला झालेली असायची. आमचा त्या वळणावर हात हॉर्नकडे जायचाच नाही.

तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. नाव माहीत नव्हतं. पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात बादली. वर्षानुवर्षं त्या पाऊलवाटेवर दिसायचे. गाडी यायच्या आतच ते वाटेवरून उतरून उभे राहिलेले असायचे आणि इंजिन जवळ आलं की मागे न बघताच हात वर करायचे. मीही हात करायचो. त्यांना तो दिसायचा नाही. साताऱ्याहून निघालं की मिरजेपर्यंत अशी पाच-सहा ठरलेली माणसं असतात. कुठं दिसलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

त्या दिवशी वळण संपलं आणि ते दिसले. पाठमोरे होते, हात मोकळे होते. रुळाच्या अगदी जवळून चालत होते. माझ्या मनात आलं, आता उतरतील. आता हात वर करतील. मी वाट बघत बसलो, ताई. नऊ-दहा सेकंद होते माझ्याकडे. हॉर्नची कळ माझ्या हाताखाली होती. इंजिन बदललंय, ते गुपचूप येतंय, या माणसाला आपण आलोय हे माहीतच नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. सहा महिने शिकून, परीक्षा देऊन मी ते इंजिन हातात घेतलं होतं. माझ्या बाजूचं वळण असल्यानं वीरधवलला ते उशिरा दिसले. तो ओरडला, "साहेब, हॉर्न!" तेव्हा मी ब्रेक ओढला. हॉर्न तेव्हाही दिला नाही. आणि त्याच वेळेला ते रूळ ओलांडायला वळले. खाली बघून चालत होते. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही. हे मी शपथेवर सांगतो.

जबाब लिहिताना मी "हॉर्न दिला" असं लिहिलं. कुणी विचारलंही नाही, तसं लिहायचीच रीत आहे. वीरधवलनं माझ्याकडे बघितलं आणि सही केली. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तेच तुम्हाला लिहून टाकलं. मला निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. हे एवढंच कारण आहे, याहून चांगलं काही नाही. मला वाटलं, हॉर्न दिला म्हटलं की प्रश्न मिटेल. तुमच्या घरात त्याचा काय अर्थ होईल हे मला तुमचं दुसरं पत्र येईपर्यंत कळलं नाही. कळल्यावरही मी वारा आणि ऊस लिहीत बसलो.

एप्रिलच्या पत्रात तुम्ही आईंचं लिहिलंत. त्या बांधावर बसायच्या, मी त्यांना आधीपासून बघत होतो. कोण असतील ते ओळखलंही होतं. त्या घटनेनंतर मी तिथं दर ड्युटीला हॉर्न द्यायला लागलो होतो, वळणाच्या आधीपासून. त्या तोच ऐकायला येतात हे तुमच्या पत्रावरून कळलं. म्हणजे मी दर ड्युटीला तिथं जाऊन त्यांना पुन्हा तेच खोटं सांगत होतो. द्यावा तर असं आणि न द्यावा तर आणखी कुणी मरेल.

मी रजा टाकली. घरी बसलो. माझी बायको शरयू आठ दिवस बघत होती. मग एकदा ताट वाढून समोर बसली आणि म्हणाली, "त्या सांगलीच्या मुलीला तुम्ही काहीतरी खोटं लिहिलंय."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तिचं पाकीट आलं की तुम्ही आंघोळ करून उघडता. खरं लिहिणारा माणूस असं करत नाही."

तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती रडली, पण माझ्यासाठी नाही.

वीरधवलकडे गेलो. त्याला म्हटलं, मी जबाब बदलतोय. तो म्हणाला, "त्यानं तो माणूस उठून येणाराय का? तुम्ही वर्षभरानं घरी जाणार. माझी एकोणीस वर्षं राहिलीत. सही माझी आहे त्याच्यावर." मी म्हटलं, तू माझ्या सांगण्यावरून केलीस असं मी लिहीन. तो म्हणाला, "तसं कोण मानतंय?" आणि त्यानं दार लावून घेतलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

काल मी ऑफिसात नवा जबाब लिहून दिला. त्याची नक्कल या पत्राला जोडली आहे. गावात, बस्तीत, जिथं दाखवायची तिथं दाखवा. तुमच्या बोलण्यामुळे वडील गेले नाहीत. माझ्यामुळे गेले.

माफी मागायचा मला हक्क नाही, म्हणून मागत नाही.

चिंतामण कानडे


विश्रामबाग, सांगली
१५ जुलै २०२५

कानडे,

तुमचं पत्र आलं त्याला वीस दिवस झाले. इतके दिवस मी काही लिहिलं असतं तर ते वाचण्यासारखं झालं नसतं.

मी पत्र घेऊन आईकडे गेले. ती आता मळ्यावर नाही. मळा मे महिन्यात गेला. अतिशयनं कुपवाडला दोन खोल्या घेतल्यात, तिथं ती असते. मळा घेणाऱ्यानं लिंब तोडला, विहिरीवर नवी मोटर बसवली. ही सगळी घाई झाली ती आईला त्या वळणापासून लांब न्यायची म्हणून. तुम्ही जानेवारीत खरं लिहिलं असतंत तर ती आज आपल्या ओसरीवर असती.

अतिशय घरी होता. मी दोघांसमोर मोठ्यानं वाचलं. "मी हॉर्न दिला नव्हता" इथं अतिशयनं पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं. आई म्हणाली, "थांब, वाचू दे तिला." मग पुढचं सगळं शांत बसून ऐकलं. संपल्यावर खूप वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि म्हणाली, "व्हय की गं. तितं कवाच हॉर्न वाजत नव्हता."

मी म्हटलं, "काय?"

"चाळीस वर्सं ऱ्हायले त्या मळ्यात. टेसनात वाजायचा, पुलाजवळ वाजायचा. आमच्या वळनावर कवाच न्हाई. ह्यो आता वाजाय लागलाय, तेंनी गेल्यावर. माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई? रोज जाऊन बसत हुते अन् ध्यानात आलं न्हाई."

मग ती जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत. आण्णा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. मला म्हणत होती, "चार म्हैनं मी तेस्नी पापी म्हनत हुते. रातध्याड. मनात शिव्या दिल्या. मला टाकून गेलासा म्हनून."

अतिशय माझ्याशी बोलला. म्हणाला, "चहा टाकतो." आमच्यात अजून तेवढंच आहे.

हात वर करायचे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. घरात ते कुणाला हसून "ये" म्हणणारे नव्हते. त्या चार दिवसांत आमच्याशी बोलत नव्हते तेव्हा तुमच्या गाडीला हात करत होते का, हे मला विचारायचं आहे. आणि विचारायचं नाहीही.

तुम्ही म्हणता माझ्या बोलण्यामुळे ते गेले नाहीत. खरं असेल. पण बादली ठेवून, मान खाली घालून ते निघाले होते ते माझ्या बोलण्यामुळे. हे तुमच्या नक्कलेनं पुसलं जात नाही. आणि या सहा महिन्यांत मी काय काय मनात आणलं ते तुम्हाला सांगणार नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून किती वेळ उभी राहायचे ते मुलींना विचारा.

तुम्हाला नऊ सेकंदांचं वाईट वाटतं. ते मी समजू शकते. नऊ सेकंद कुणाचेही चुकतील. मला सहा महिन्यांचं सांगा.

ब्राह्मी


सातारा
८ ऑगस्ट २०२५

ब्राह्मीताई,

सहा महिन्यांचं माझ्याकडे उत्तर नाही.

एक विचारलंत ते सांगतो. त्या चार दिवसांतले दोन दिवस माझी ड्युटी होती. दोन्ही दिवस ते वाटेवर नव्हते. मला चुकल्यासारखं वाटलं होतं. म्हणूनच एकोणिसाव्या तारखेला ते दिसल्यावर बरं वाटलं होतं.

मला इंजिनावरून उतरवलं आहे. चौकशी चालू आहे. तोवर ड्युटीवर येणाऱ्या ड्रायव्हरांची हजेरी घ्यायचं काम दिलंय. वीरधवलवरही कागद निघाला. तो समोरून आला की मी वहीत बघतो, आणि तो सही करून जातो.

तुमच्या वळणाच्या अलीकडे आता शिट्टीची पाटी लागली आहे. तिथं राहणारं तुमचं कुणी उरलं नाही हे मला माहीत आहे. तरी कळवलं.

जुनी डिझेल इंजिनं यार्डात एका कडेला ओळीनं उभी आहेत. येता-जाता दिसतात. त्यांची मला आता आठवणही काढवत नाही.

चिंतामण कानडे


विश्रामबाग, सांगली
९ सप्टेंबर २०२५

श्री. कानडे,

आमच्यात भाद्रपदात दहा दिवसांचं पर्व असतं. ते झालं की क्षमावणी असते. वर्षभरात कळत नकळत जे काही दुखावलं गेलं असेल, त्याबद्दल प्रत्येकानं प्रत्येकाची क्षमा मागायची. लहानथोर असं काही नाही. बस्तीत सगळे एकमेकांना हात जोडतात आणि "उत्तम क्षमा" म्हणतात.

काल आई मला म्हणाली, "मला बस्तीत घिऊन चल." सात महिन्यांनी. पाय सुजलेत, इतके दिवस मीठ सोडल्यानं अंगात ताकद नाही. मी आणि अतिशय दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेलो. आत जाऊन ती भिंतीला टेकून बसली. डोळे मिटून खूप वेळ आण्णांशी बोलत होती, ओठ हलत होते. तिनं काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही. नंतर अतिशयनं मला हात जोडले, मी त्याला जोडले.

मग ती उठून एकेका बाईपुढे गेली. ज्या बायका तिला बघून गप्प व्हायच्या त्यांच्यापुढेही गेली. घरी आल्यावर म्हणाली, "एक मानूस ऱ्हायला."

मी म्हटलं, "कोण?"

"त्यो ड्रायव्हर."

"आई, त्याची तू कशाला क्षमा मागायची? त्यानं तुझं—"

"आगं, मी तेला लय शिव्याशाप दिल्यात. खरं सांगितल्यावर सुदिक दिल्या. तेला लिव्ह."

मी म्हटलं, तू सांग, मी लिहिते. तर म्हणाली, "जास्ती काय न्हाई लिवायचं. ज्ये सगळ्यास्नी म्हनलं त्येच लिव्ह."

म्हणून लिहिते.

आईच्या वतीनं: उत्तम क्षमा.

माझ्या वतीनं मला अजून लिहिता येत नाही.

ब्राह्मी